डिजिटल प्रसारण आल्यावर अँटेनावरचे मोफत चॅनेल गेले कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरावर जुना अँटेना आहे. ॲनालॉग प्रसारण चालू होतं तोवर सात चॅनेल दिसायचे. त्यातल्या दोनांवर मुंग्या असायच्या, पण चेहरे ओळखू यायचे आणि बातम्या नीट ऐकू यायच्या. प्रसारण डिजिटल झालं, सेट-टॉप बॉक्स आणला आणि चारच चॅनेल उरले. त्यातलाही एक दुपारी स्वच्छ दिसतो आणि अंधार पडला की चौकोन चौकोन होऊन जातो. विकणारा सांगतो, बूस्टर लावा, नाहीतर अँटेनाचा नाद सोडा आणि दरमहा पैसे भरा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या बातम्या नेमक्या त्या गेलेल्या तीन चॅनेलवर होत्या.

मी अँटेना बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. ॲनालॉग बंद झालं त्या वर्षी ही एकच तक्रार रोज ऐकली, आणि आजही ऐकतो. म्हणून आधी महत्त्वाचं सांगतो. बूस्टर आत्ता घेऊ नका. दरमहा पैसे भरायचं ठरवण्याची घाई तर मुळीच करू नका. चॅनेल गेला असं आपण म्हणतो, पण त्यामागे चार वेगळी कारणं असू शकतात. तो दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर गेलाय आणि बॉक्स अजून जुन्याच जागी शोधतोय. किंवा तो तुमच्या गच्चीपर्यंत येतोय, पण बॉक्सला हवा तेवढा स्वच्छ येत नाही. किंवा व्यवस्थित येतोय, पण बॉक्सला तो उलगडता येत नाही. किंवा तुमच्या टॉवरवरून तो खरंच बंद झालाय. पहिल्या दोन गोष्टी घरच्या घरी सुधारता येतात, आणि मी पाहिलेल्या बहुतेक घरांत दुखणं तिथंच निघालं.

(हे सगळं टॉवरवरून येणाऱ्या आणि काड्यांच्या अँटेनाने घेतलेल्या प्रसारणाबद्दल आहे. उपग्रहाच्या डिशचं गणित वेगळं असतं.)

मुंग्यांचे ते दोन चॅनेल आधी समजून घेऊ. ॲनालॉगचं चित्र हळूहळू बिघडायचं. सिग्नल थोडा कमी झाला की थोड्या मुंग्या, आणखी कमी झाला की जास्त मुंग्या, समोरच्या इमारतीवरून आपटून आला की माणसाच्या बाजूला त्याचीच फिकी सावली. डोळ्यांना सवय व्हायची आणि आपण बघत राहायचो. डिजिटलमध्ये चित्र आकड्यांच्या रूपात येतं. थोडे आकडे चुकले तर बॉक्स ते स्वतः दुरुस्त करतो आणि चित्र आरशासारखं दिसतं. चुका एका मर्यादेपलीकडे गेल्या की दुरुस्ती जमत नाही आणि चित्र एकदम कोसळतं: आधी चौकोन, मग गोठलेला चेहरा, मग काळा पडदा. अमेरिकेत ॲनालॉगच्या जागी आलेल्या डिजिटल पद्धतीला सिग्नल गोंगाटाच्या, म्हणजे सोबत येणाऱ्या नको असलेल्या लहरींच्या, सुमारे १५ डेसिबल वर लागतो, म्हणजे साधारण तीसपट. सोळा मिळाले तर चित्र उत्तम, चौदा मिळाले तर काहीच नाही. युरोपातून आलेल्या पद्धतीत हा आकडा प्रसारकाने निवडलेल्या मांडणीप्रमाणे बदलतो, पण चित्र एकदम कोसळण्याचा कडा तसाच असतो. मधलं 'थोडंसं दिसतंय' हे या पद्धतीत उरलेलंच नाही.

तुमचा दुपारी येणारा आणि संध्याकाळी जाणारा चॅनेल या कड्यावर उभा आहे. एखाददुसरा डेसिबल इकडेतिकडे झाला की तो खाली पडतो. गेलेल्या तिघांपैकीही एखादा कड्याच्या जरासाच खाली असू शकतो. म्हणून मी या कामात मोठ्या, खर्चिक उपायांच्या मागे लागत नाही. दोन डेसिबल इथून आणि दोन तिथून वाचवता आले तरी चॅनेल परत येतो.

आता बॉक्सच्या मेनूत जा. सेटिंग्जमध्ये सिग्नलचं पान असतं आणि त्यावर दोन पट्ट्या असतात, एक स्ट्रेंथची आणि एक क्वालिटीची. सगळे जण स्ट्रेंथ बघतात. तुम्ही क्वालिटी बघा. स्ट्रेंथ फक्त एवढंच सांगते की तारेतून किती ऊर्जा आली. त्या ऊर्जेत तुमचा चॅनेल असेल, शेजारच्या मोबाईल टॉवरचा सिग्नल असेल, दिव्याचा गोंगाटही असेल. क्वालिटी सांगते की आलेल्यातलं किती नीट वाचता आलं. स्ट्रेंथ नव्वद आणि क्वालिटी वीस अशी घरं मी बरीच पाहिली आहेत, आणि तशा घरात बूस्टर लावला तर गोंधळच मोठा होतो. एका कागदावर प्रत्येक चॅनेलची क्वालिटी लिहा, एकदा दुपारी आणि एकदा दिवे लागल्यावर. पुढचं सगळं या कागदावर अवलंबून आहे.

मग स्कॅन. रिमोटवर ७ दाबलं की सातवा चॅनेल लागतो, पण हवेत तो सातव्या जागेवर असेलच असं नाही. डिजिटलमध्ये रिमोटवरचा आकडा ही नुसती पाटी असते. खरी फ्रिक्वेन्सी त्यामागे वेगळी असते आणि ती बदलू शकते. ती खरंच बदलली आहे, आणि एकदाच नाही. ॲनालॉग बंद झाल्यावर बऱ्याच देशांनी रिकाम्या झालेल्या पट्ट्याचा काही भाग मोबाईल सेवांना दिला, आणि त्यासाठी उरलेले चॅनेल पुन्हा हलवले. अमेरिकेत २०१७ ते २०२० या काळात जवळपास हजार केंद्रांच्या फ्रिक्वेन्सी बदलल्या. ब्रिटनमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा रिकामा करण्याचं काम ऑगस्ट २०२० मध्ये संपलं. ज्यांनी डिजिटल आलं तेव्हा एकदाच स्कॅन केलं आणि पुन्हा कधी केलं नाही, त्यांचे चॅनेल अशा वेळी एका रात्रीत नाहीसे झाले. टॉवर तिथंच होता आणि प्रसारणही चालू होतं, फक्त बॉक्सकडे जुना पत्ता होता.

स्कॅन कसं करायचं याचीही रीत आहे. 'नवीन चॅनेल जोडा' हा पर्याय घेऊ नका, त्यात जुन्या नोंदी तशाच राहतात. अँटेनाची पिन बॉक्समधून काढा आणि पूर्ण स्कॅन चालवा. एकही चॅनेल सापडणार नाही आणि स्मरणात साचलेलं सगळं पुसलं जाईल. बॉक्सचा प्लग काढून एखादा मिनिट थांबा. मग पिन लावा, बॉक्स चालू करा आणि पुन्हा पूर्ण स्कॅन करा. वेळ दुपारची निवडा. उन्हाळ्यातल्या शांत, वारा नसलेल्या संध्याकाळी हवेत गरम आणि थंड थर एकमेकांवर बसतात आणि दूरदूरच्या टॉवरचे सिग्नल त्या थरांतून वाट काढत तुमच्यापर्यंत येतात. तेव्हा स्कॅन केलं तर बॉक्स भलत्याच टॉवरचे चॅनेल नोंदवून बसतो. दुसऱ्या दिवशी हवा बदलते आणि ते सगळे जातात. अशा दिवसांत आधीचे चॅनेल बिघडलेले दिसले तर बॉक्सला हात न लावता एक-दोन दिवस वाट पाहावी. हा सल्ला लोकांना पटत नाही, पण मी कितीतरी फेऱ्या त्यावर वाचवल्या आहेत.

स्कॅननंतर तोच चॅनेल दोन ठिकाणी दिसला, एक नेहमीच्या आकड्यावर आणि एक शेवटी आठशेच्या पुढे वगैरे, तर दोन टॉवर तुमच्या टप्प्यात आहेत. बॉक्सने नेहमीच्या आकड्यावर कधी कधी कमकुवत टॉवरचा चॅनेल बसवलेला असतो. दोन्हींची क्वालिटी बघा आणि चांगला असेल तो आवडत्यांच्या यादीत घाला.

एवढं करून एखादा चॅनेल आला तर उत्तम. नाही आला तर अँटेनाकडे वळावं लागेल, आणि इथं एक गैरसमज दूर करायला हवा. 'डिजिटल अँटेना' नावाची वेगळी वस्तू नसते. खोक्यावर काहीही छापलेलं असो, अँटेनाला लहरीत चित्र कोणत्या रूपात भरलंय ते कळत नाही. त्याला कळते ती फक्त लहरीची लांबी. ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहर अर्ध्या मीटरची असते, म्हणून काडी साधारण पंचवीस सेंटिमीटरची पुरते. ८५ मेगाहर्ट्झला लहर साडेतीन मीटरची होते आणि काडी पावणेदोन मीटरच्या आसपास लागते. या पहिल्या पट्ट्याला यूएचएफ म्हणतात आणि दुसऱ्याला व्हीएचएफ. डिजिटल होताना पुष्कळ चॅनेल व्हीएचएफमधून यूएचएफमध्ये गेले. तुमचा अँटेना जुना आणि फक्त लांब काड्यांचा असेल तर गेलेले चॅनेल यूएचएफमध्ये आहेत आणि तो त्यांना नीट धरू शकत नाही, ही शक्यता मोठी आहे. गच्चीवर जाऊन सगळ्यात लांब आणि सगळ्यात लहान काडी मोजा, म्हणजे हा संशय पाच मिनिटांत मिटेल.

उलटंही घडलेलं आहे. अमेरिकेत १२ जून २००९ ला मोठी केंद्रं ॲनालॉगवरून उतरली, तेव्हा फिलाडेल्फियाचं एक केंद्र आपल्या जुन्या सहाव्या आणि शिकागोचं एक केंद्र सातव्या व्हीएचएफ चॅनेलवर डिजिटल प्रसारण करू लागलं. लोकांनी आधीच्या डिजिटल प्रसारणासाठी छोटे यूएचएफ अँटेना घेतलेले होते. त्या रात्री दोन्ही शहरांत हे चॅनेल असंख्य घरांतून गेले आणि केंद्रांना शक्ती वाढवण्याची परवानगी घ्यावी लागली. खिडकीच्या काचेला चिकटवायचा पातळ अँटेना घेऊन 'बाकी सगळे येतात, एकच येत नाही' असं कोणी सांगितलं, तर मी आधी त्या एका चॅनेलची खरी फ्रिक्वेन्सी शोधतो. प्रसारणाचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या किंवा प्रसारकाच्या माहितीत प्रत्येक टॉवरची जागा, फ्रिक्वेन्सी, शक्ती आणि लहर आडवी आहे की उभी हे बहुधा दिलेलं असतं. तेवढं काढून घ्या. लहर उभी असेल तर अँटेनाच्या काड्याही उभ्या हव्यात. मोठ्या टॉवरकडून डोंगरामागच्या छोट्या टॉवरकडे वळताना लोक दिशा बदलतात आणि हे विसरतात.

शक्तीचाही इथं उल्लेख करतो, कारण तिच्यावरून फार वाद होतात. अमेरिकेत यूएचएफवर ॲनालॉगला ५ मेगावॉटपर्यंत परवानगी होती, डिजिटलला १ मेगावॉट आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस टॉवरचे ॲनालॉग चॅनेल १ मेगावॉटचे होते, डिजिटल २०० किलोवॉटचे झाले. आकडा घटला म्हणजे प्रेक्षकाला फसवलं असं त्यातून निघत नाही. डिजिटलला मुळात कमी पुरतं. पण जुनी तार आणि गंजलेला कनेक्टर ॲनालॉगमध्ये खपून जायचे, ते आता खपत नाहीत. आणि जिथं ॲनालॉग आणि डिजिटल दोन्ही सोबत चालू असतात, तिथं डिजिटल बहुधा कमी शक्तीवर ठेवलेलं असतं आणि ॲनालॉग बंद झाल्यावर वाढवलं जातं. तुमच्याकडे अजून तो मधला काळ असेल तर अँटेना बदलण्याआधी तारीख विचारून घ्या.

आता तारेकडे येतो. पैसे वाचवायची खरी जागा ही आहे. गच्चीवर गेलात की अँटेनाच्या डबीतून बाहेर येणारा कनेक्टर उघडा. मी उघडतो तेव्हा काय दिसतं ते सांगतो. रबराचं टोपण उन्हाने तडकलेलं असतं, बोट लावलं की भुगा होतो. कनेक्टर फिरत नाही, पान्याने सोडवावा लागतो. तो निघाला की मधली तांब्याची तार लखलखीत हवी, ती काळपट हिरवी झालेली असते. तिच्याभोवतीची जाळी चिमटीत धरली तर राखेसारखी सुटते. आणि तारेचं टोक खाली धरलं की कधी कधी त्यातून पाण्याचा थेंब टपकतो. जाळीत शिरलेलं पाणी केशिकांतून चढल्यासारखं तारेत आत आत जातं, काही मीटरपर्यंत. अशा तारेचं टोक कापून नवा कनेक्टर लावला तर आठवडाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. जाळी काळी असेल तितकी तार कापत जा, आणि मीटर-दोन मीटरनंतरही काळीच निघाली तर पूर्ण तार बदला.

नवी तार घेताना जाड आरजी-६ घ्या. चांगल्या आरजी-६ मध्येही यूएचएफला १०० मीटरमागे सुमारे २० डेसिबल जातात, म्हणजे वीस मीटर तारेत चार. पातळ तारेत त्याहून जास्त जातात. तीन डेसिबल गेले म्हणजे सिग्नल निम्मा झाला. त्यात एक तार दोन टीव्हींना वाटणारा स्प्लिटर असेल तर आणखी साडेतीन डेसिबल, चार टीव्हींचा असेल तर सात. एक टीव्ही विकला गेला, खोली बंद झाली, तरी चार तोंडांचा स्प्लिटर माळ्यावर तसाच राहतो आणि निम्म्याहून जास्त सिग्नल खात बसतो. तो काढा. अँटेनाची तार सरळ एकाच बॉक्सला लावून क्वालिटी बघा आणि दुपारच्या कागदाशी ताडून पाहा. कनेक्टरवर रबरी चिकटपट्टी ताणून गुंडाळा, आणि तार घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून टपकून जाईल, भिंतीत जाणार नाही.

तार धड असेल तरच दिशा बदलायला घ्या. आपल्या सगळ्यांना एक पद्धत ठाऊक आहे: एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय, दुसरा खालून ओरडतोय, 'आलं... गेलं... मागे घे, थोडं डावीकडे!' डिजिटलमध्ये ही पद्धत चालत नाही, कारण बॉक्सला सिग्नल पकडून चित्र उभं करायला काही सेकंद लागतात. गच्चीवरचा माणूस बरोबर जागेवरून पुढे गेलेला असतो तेव्हा खाली चित्र उमटतं. म्हणून अँटेना अगदी थोडा फिरवा आणि दहापर्यंत मोजा. खालच्या माणसाने क्वालिटीचा आकडा सांगायचा, चित्राचं काही बोलायचं नाही. आकडा उतरायला लागतो ती डावीकडची जागा पाईपवर खडूने खुणवा, मग उजवीकडची खुणवा, आणि अँटेना दोन्हींच्या बरोबर मध्ये ठेवा. सर्वांत मोठा आकडा शोधत बसण्यापेक्षा ही मधली जागा जास्त टिकते. जो चॅनेल सगळ्यात कमकुवत आहे त्याच्यावर हे करायचं. चांगल्या चॅनेलवर दिशा लावली तर काहीच कळत नाही, तो सगळीकडून दिसतो.

उंचीचंही असंच. उंच गेलं की सिग्नल वाढतो हे ढोबळमानाने खरं आहे, पण छप्पर, टाकी, समोरची भिंत यांवरून आपटून येणाऱ्या लहरी एकमेकींना काही जागी पाडतात आणि काही जागी उचलतात. यूएचएफमध्ये या जागा हातभर अंतरावर असतात. अँटेना फूटभर खाली घेऊन चॅनेल परत आलेला मी पाहिला आहे. समोर झाड वाढलं असेल तर तेही लक्षात घ्या. ओली, हलणारी पानं यूएचएफ चांगलंच अडवतात, आणि दहा वर्षांपूर्वी अँटेना बसवला तेव्हा ते झाड रोप असेल.

एकटे वर चढू नका. पाईप हातात असताना वर विजेच्या तारा नाहीत हे आधी बघा, आणि आभाळ आलेलं असेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाका. लोखंडी पाईपला जमिनीत अर्थिंग द्यायलाच हवं.

संध्याकाळी जाणाऱ्या चॅनेलबद्दल वेगळं सांगतो, कारण त्याने मला स्वतःला एकदा फार दमवलं होतं. एका घरी एक चॅनेल रोज सातच्या सुमाराला जायचा. मी दोनदा गेलो, दोन्हीदा दिवसा. कनेक्टर बदलला, दिशा तपासली, सिग्नल मोजायच्या मीटरवर सगळं ठीक. तिसऱ्यांदा संध्याकाळी गेलो आणि मीटर लावून बसून राहिलो. घरातल्या आजींनी जिन्यातला दिवा लावला आणि क्वालिटी सत्तरवरून थेट वीसवर आली. दिवा घालवला, पुन्हा सत्तर. हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्यातला वीजपुरवठा रेडिओ गोंगाट फेकतो, विशेषतः व्हीएचएफमध्ये. अँटेनाची तार त्या दिव्याच्या वायरीला चिकटून जिन्यातून खाली उतरत होती आणि तिची जाळी एका ठिकाणी तुटलेली होती. दिवा बदलला, तार हातभर बाजूला घेतली, तुटका भाग काढला. तुमच्याकडे अंधार पडल्यावर क्वालिटी बघत एकेक दिवा, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर बंद करत जा. शेजारच्या घरातून गोंगाट येत असेल तर मुख्य स्विच पाडून, बॉक्स आणि टीव्ही बॅटरीवर चालवून खात्री करता येते. दिव्यांचा काही संबंध नाही असं दिसलं, तर संध्याकाळच्या हवेच्या थरांतून दुसऱ्या टॉवरचा त्याच फ्रिक्वेन्सीवरचा सिग्नल येत असेल. त्याला जास्त काड्यांचा, म्हणजे एकाच दिशेने बघणारा अँटेना हा उपाय आहे.

आता बूस्टर. तो कधी उपयोगी पडतो? अँटेनाजवळ सिग्नल स्वच्छ आहे, पण लांब तारेत आणि स्प्लिटरमध्ये तो खर्ची पडतोय, तेव्हा. अशा वेळी बूस्टर अँटेनाजवळ, खांबावर लावायचा, म्हणजे तारेत खर्च होण्याआधी सिग्नल वर उचलला जातो. टीव्हीच्या मागे लावलेला बूस्टर तारेतून आलेला गोंगाटही तेवढाच वाढवतो. टॉवर जवळ असेल तर बूस्टर नुकसान करतो: तगडे चॅनेल त्याला भारी पडतात, तो त्यांची सरमिसळ करतो आणि कमकुवत चॅनेल त्यात बुडतात. जवळच्या मोबाईल टॉवरनेही हेच होतं. ब्रिटनमध्ये ८०० मेगाहर्ट्झवर फोर-जी आलं तेव्हा घरोघरी मोबाईलचा सिग्नल अडवणारे फिल्टर देण्यासाठी ॲट८०० नावाची स्वतंत्र यंत्रणाच उभी करावी लागली होती. फिल्टर लावायचा तो बूस्टरच्या आधी, अँटेनाच्या बाजूला. बूस्टरनंतर लावला तर व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं.

आणि आधीचा बूस्टर असेल तर बघा, त्याला वीज मिळते का. खांबावरच्या बूस्टरला वीज त्याच तारेतून जाते, टीव्हीमागच्या एका छोट्या अडॅप्टरमधून. तो काळा डबा कशाचा आहे हे घरात कोणालाच आठवत नाही आणि मोबाईल चार्ज करायला जागा हवी म्हणून कोणीतरी तो काढतं. वीज नसलेला बूस्टर सिग्नल वाढवत तर नाहीच, उलट अडवून धरतो. ॲनालॉगमध्ये अशा अवस्थेतही मुंग्यांसकट काहीतरी दिसायचं, म्हणून वर्षानुवर्षं कळलं नाही.

बॉक्सचा दोष ओळखणं सोपं आहे. चॅनेलचं नाव यादीत येतं, क्वालिटी चांगली, आवाजही येतो, पण पडदा काळा, तर चित्र दाबून पाठवायची पद्धत बदलली आहे आणि बॉक्सला नवी येत नाही. फ्रान्समध्ये ५ एप्रिल २०१६ ला सगळं एमपेग-४ या नव्या पद्धतीवर गेलं आणि जुने बॉक्स निकामी झाले. प्रसारणाची मूळ पद्धतच बदलली तर जुन्या बॉक्सला चॅनेल सापडतसुद्धा नाही. जर्मनीत २९ मार्च २०१७ पासून नवी पद्धत सुरू झाली तेव्हा असंच झालं. नवा बॉक्स घेण्याआधी तुमच्या भागातलं प्रसारण कोणत्या पद्धतीचं आहे ते बघा आणि शक्य असेल तर शेजाऱ्याचा चालू बॉक्स तासभर तुमच्या तारेला लावून पाहा. त्याच्या बॉक्सवर चॅनेल आला तर गच्चीवर जायचं कारणच नाही.

राहिले खरोखर गेलेले. त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, कारण तिथं माझ्या हातात काही नसतं. जर्मनीतल्या त्या बदलानंतर मोठे खासगी चॅनेल हवेतून येतच राहिले, पण कुलूपबंद झाले. तीन महिने मोफत दाखवून मग पैसे लागू झाले. ब्रिटनमध्ये हजाराहून जास्त लहानमोठे टॉवर आहेत, पण खासगी चॅनेलचे गठ्ठे फक्त सुमारे ८० मोठ्या टॉवरवरून निघतात. दरीतल्या छोट्या टॉवरवर अवलंबून असणाऱ्या घरांना सार्वजनिक सेवेचे चॅनेलच मिळतात, बाकीचे त्यांच्या आकाशात नसतातच. स्वित्झर्लंडने तर ३ जून २०१९ ला टॉवरवरचं प्रसारण बंदच केलं. अशा ठिकाणी उपग्रहावर तोच चॅनेल मोफत आहे का हे आधी तपासायचं, आणि पैसे भरायचा विचार त्यानंतर करायचा. टॉवरच्या अधिकृत यादीत चॅनेलचं नाव नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'बंद झाला' हे कोणाचं ऐकू नका. दर महिन्याला पैसे मिळणार असतील तर बंद झाला असं सांगणं विकणाऱ्याला सोयीचं असतं. एका घरी म्हातारं जोडपं दोन वर्षं दरमहा पैसे भरत होतं आणि त्यांच्या गच्चीवरून ते सगळे चॅनेल नव्या तारेवर दहा मिनिटांत आले.

तुमच्या बाबतीत मी याच क्रमाने जाईन: दुपारी पुसून पुन्हा स्कॅन, कागदावर क्वालिटी, स्प्लिटर बाजूला, काड्यांची मोजणी, कनेक्टर आणि तार, मग दिशा. दिव्यांची परीक्षा त्याच दिवशी संध्याकाळी. पुष्कळदा तारेपर्यंत पोहोचतानाच काम होतं. आणि झालं की घरच्या मंडळींसाठी एक गोष्ट करा. बॉक्सच्या मागे एक कागद चिकटवा. त्यावर मोठ्या अक्षरात लिहा की पूर्ण स्कॅन मेनूत कुठं आहे, कोणत्या क्रमाने बटणं दाबायची, आणि तो काळा अडॅप्टर काढायचा नाही. पुढच्या वेळी फ्रिक्वेन्सी बदलेल तेव्हा तुम्ही घरी नसाल.